वडिलांचा मान आणि ताईची शाळा

दरवर्षी बिरड्याचा रोजा झाला की तिसऱ्या दिवशी आम्ही भावंडे अश्कलोनला ताईच्या घरी जमतो. त्या दिवशी आमच्या बाबांची हशकाबा असते. भाऊ लोदहून येतो, आम्ही दोघी बहिणी येतो, मुले-नातवंडे जमेल तशी येतात. रामल्याहून आणलेले वाल ताईने आधीच भिजवून, मोड आणून ठेवलेले असतात. टेबलाभोवती बसून बिरडे सोलता सोलता आम्ही बाबांच्या गोष्टी सांगतो. गोष्टी त्याच असतात. ऐकणारे मात्र वर्षागणिक बदलत जातात.

दोन वर्षांमागे याच बैठकीत एक लहानसा प्रसंग घडला. त्यातून जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले, म्हणून हा लेख. प्रश्न असा की, निवर्तलेल्या वडिलांचे गुण सांगताना त्यांच्या हातून घडलेला अन्याय वगळावा काय? वगळला तर तो वडिलांचा मान होतो, की दुसऱ्या कोणाचा अपमान होतो?

लेख लिहिणारा हात एकीचा आहे. ती आयुष्यभर परिचारिका होती आणि आता निवृत्त आहे. पण विचार आम्ही तिघा धाकट्या भावंडांनी मिळून केलेला आहे, आणि यात जो दोष आहे तोही तिघांचा आहे. म्हणून 'आम्ही'.

प्रथम बाबांविषयी सांगितले पाहिजे. कारण ज्यांच्याविषयी काही सांगण्यासारखे नसते त्यांच्या बाबतीत हा प्रश्न पडतच नाही.

बाबा अलिबागचे. इस्रायल आळीत आमचे कौलारू घर होते. मूळचे १८४८ सालचे मागेन आबोथ सिनेगॉग तेथून हाकेच्या अंतरावर. आमचा जिल्हा त्या वेळी कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली आले. बाबा पोस्टात कारकून होते. गावोगावचे पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा बोटीवर कामाला असत, आणि मागे राहिलेल्या बायकामाणसांचा मुंबईशी संबंध म्हणजे मनिऑर्डर आणि पत्र. त्यामुळे पोस्टातला कारकून हा गावाच्या दृष्टीने मोठा माणूस.

पण बाबांचे खरे काम पोस्ट बंद झाल्यावर सुरू होई. संध्याकाळी आमच्या ओटीवर माणसे येऊन बसत. कोळणी येत, आगरी शेतकरी येत, वाडीतले गडी येत, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या येत. कोणाला मुंबईच्या मुलाला पत्र लिहून हवे असे, कोणाला मामलेदाराकडे अर्ज, कोणाला शाळेच्या फी-माफीची विनंती. १९५७ नंतर कूळकायद्याचे अर्ज पुष्कळ असत. बाबा कंदिलाची वात वर करून, मांडीवर पाट घेऊन लिहीत बसत. पैसा कोणाकडून घेत नसत. कोणी नारळ ठेवून जाई, कोणी पांढऱ्या कांद्याची माळ. तेवढे ते परत करीत नसत, कारण परत केल्यास माणसाला वाईट वाटते असे त्यांचे म्हणणे. त्यांचे अक्षर असे होते की बाजारात लोक म्हणत, अर्ज मंजूर होतो तो मजकुरामुळे नव्हे, अक्षरामुळे.

सलिहोथच्या दिवसांत पहाटे आम्हांला उठवून हाताला धरून सिनेगॉगमध्ये नेणारे बाबा आम्हांला आठवतात. हवदालाच्या वेळी अंगणातल्या सब्जाची डहाळी एकेकाच्या नाकाशी धरणारे बाबा आठवतात. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत आम्हांला चालत नेऊन, पाणी चढायच्या आत परत आणणारे बाबा आठवतात. आमच्या मुलांना ते आजोबा म्हणून पत्रांतून माहीत. आम्ही एकेक करून इस्राएलला आल्यावर ते प्रत्येक नातवंडाला वेगळे निळे पत्र लिहीत. मुलांना मराठी वाचता येत नसे, आम्ही वाचून दाखवत असू. आंब्याला मोहोर किती आला, शेजारच्या म्हशीने काय केले, एस्‌.टी. कोठे बंद पडली, असली ती पत्रे. आज पन्नाशी ओलांडलेली ती मुले अजून ती पत्रे जपून आहेत.

बाबा स्वतः मात्र आले नाहीत. १९६२ साली येथील मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या लग्नांविषयी काढलेला हुकूम त्यांच्या मनाला फार लागला होता. आपल्या माणसाने इतर यहुदी कुटुंबात लग्न करावयाचे तर त्याची आई, आजी आणि त्यामागच्या स्त्रियांची चौकशी करावी, असे त्यात होते. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये संप केला, १९६४ साली क्नेसेटने ठराव करून आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे सांगितले, तेव्हा तो प्रश्न मिटला. परंतु बाबांनी मन बदलले नाही. आई १९८३ साली गेली. त्यानंतरही ते एकटेच राहिले. १९८८ च्या जुलैत ते गेल्याची तार आम्हांला मिळाली. ज्या पोस्टात त्यांची नोकरी झाली तेथूनच ती सुटली होती. भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ साली जुळले. त्याआधी असा प्रवास आजच्यासारखा सोपा नव्हता. आम्हांपैकी कोणीही त्यांच्या मातीला पोचले नाही. पेण आणि पोयनाडकडून माणसे बोलावून मिन्यान पुरा केला, आणि ज्यांचे अर्ज बाबांनी लिहिले होते त्यांच्या मुलांनी आळीपाळीने खांदा दिला, असे शेजाऱ्यांनी नंतर कळवले.

अशा माणसाची स्तुती करणे अवघड नाही. आम्ही ती छत्तीस-सदतीस वर्षे करीत आलो.

आता तो प्रसंग. ताईचा नातू तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळेतून 'शोराशिम'चा अभ्यास दिला होता. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना हा अभ्यास परिचयाचा आहे. घराण्याची मुळे शोधा, आजी-आजोबांना प्रश्न विचारा, फोटो चिकटवा. मुलगा वही घेऊन टेबलाशी बसला होता आणि आम्ही तिघे चढाओढीने त्याला बाबांविषयी सांगत होतो. कंदील सांगितला, कोळणी सांगितल्या, अक्षर सांगितले. त्याने सगळे लिहून घेतले. मग एक रकाना आला, घरातील कोण किती शिकले. भाऊ बी. कॉम., एक बहीण मॅट्रिक आणि पुढे शिक्षिकेचा कोर्स, एक बहीण परिचारिका. त्याने ताईला विचारले, "सव्ता, तू?"

ताई म्हणाली, "सातवी."

"फक्त सातवी? का?"

भाऊ घाईने म्हणाला, "त्या काळी तसेच असे रे."

मुलगा आमच्याकडे बघू लागला. एकाच घरातल्या चौघांपैकी तिघांसाठी काळ वेगळा आणि एकीसाठी वेगळा कसा, हे त्याला कळेना. ताई बिरडे सोलतच होती. ती म्हणाली, "लिही, घरात अडचण होती." तेवढ्यावर तो लिहिता तर विषय संपला असता. पण त्याने सरळ मनाने विचारले, "तुझे वडील सगळ्या गावाचे अर्ज लिहीत होते ना? मग तुझ्यासाठी अर्ज का नाही लिहिला?"

ताईने हातातला दाणा खाली ठेवला आणि म्हणाली, "लिहिला होता की. मीच नेऊन दिला."

हा अर्ज कोणता ते सांगणे भाग आहे. १९६० साली आमच्या आईला क्षय झाला. ताई तेरा वर्षांची, भाऊ आठ, मधली पाच, धाकटी दोन. त्या काळी स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने आणि गोळ्या यांनी क्षय बरा होऊ लागला होता. पण दीड-दोन वर्षे औषध, विश्रांती, वेगळे अंथरूण, वेगळी भांडी हे सर्व पाळावे लागे. घर कोणी सांभाळायचे? मुंबईला आमची आत्या होती. मूलबाळ नसलेली, हाक मारली असती तर आली असती. बाबांनी तिला बोलावले नाही. लोकांचे करावे, लोकांकडून घेऊ नये, हा त्यांचा बाणा होता; आणि बहिणीकडूनही घेणे ते घेणेच, असे ते मानीत. त्यांनी शाळेला अर्ज लिहिला की, घरगुती अडचणीमुळे माझ्या मुलीचे नाव पटावरून कमी करावे. सकाळी पोस्टात जायची घाई, म्हणून तो कागद ताईच्याच हाती दिला. कागद उघडाच होता. ताईने तो वाटेत वाचला.

ताईला शाळेतून काढल्याचे आम्हांला माहीत होते. तो कागद तिने स्वतः नेऊन दिल्याचे माहीत नव्हते. साठ वर्षांत तिने सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते.

इतक्यावर थांबले असते तर अडचणीच्या काळातली गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण आई पावणेदोन वर्षांत बरी झाली. ताई तेव्हा पंधरा वर्षांची. ती परत शाळेत जाऊ शकली असती. बाबा म्हणाले, आता मोठी झाली, लहान मुलांत कशी बसेल? आणि विषय संपला. तिच्या हातची भाकरी आणि तिने घातलेल्या वेण्या घेऊन आम्ही तिघे मात्र शाळेत जात राहिलो.

त्या रात्री मुले निजल्यावर आम्ही तिघे बोलत बसलो. भाऊ अस्वस्थ होता. त्याचे म्हणणे असे की, हे मुलाच्या वहीत जाऊ नये. त्याने तीन कारणे दिली. ती वाचकांपुढे प्रामाणिकपणे मांडतो, कारण आमच्यातल्या कोणालाही ती सहज खोडता आली नाहीत.

पहिले कारण, काळ तसा होता. हे अर्धे खरे आहे. त्या काळी कोकणात किती मुलींची शाळा सातवीला संपली याची गणतीच नाही. पण आपल्या समाजात मुलींचे शिक्षण ही नवलाई नव्हती. डॉ. जेरुशा झिराड विलायतेहून शिकून येऊन मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिक्षिका आणि परिचारिका तर आपल्यात घरोघर होत्या. बाबा स्वतः झिराडबाईंचे नाव अभिमानाने घेत. पुढे आम्हां दोघी बहिणींना त्यांनीच शिकवले. म्हणजे त्यांना कळत नव्हते असे नाही. ज्याला कळत नाही त्याला काळाची सबब चालते. ज्याला कळते त्याला ती पुरी पडत नाही.

दुसरे कारण, नोहाची गोष्ट. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. हाम याने ते पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ मात्र वस्त्र खांद्यावर घेऊन पाठमोरे चालत गेले आणि बापाकडे न बघता त्यांनी ते त्याच्यावर घातले. तोरा त्या दोघांची वाखाणणी करते. भाऊ म्हणाला, "आपण शेम व्हायचे की हाम?"

हा प्रश्न आम्हांला कित्येक दिवस सोडत नव्हता. शेवटी आम्हांला असे दिसले की, नोहाची लाज ही एकट्या नोहाची होती. त्याच्या दारू पिण्याने त्याचाच मान गेला. दुसऱ्या कोणाचे आयुष्य त्यात खर्ची पडले नाही. तेथे पांघरूण घालणे म्हणजे बापावर घालणे. पण बाबांच्या अर्जावर पांघरूण घातले तर त्याखाली बाबा एकटे झाकले जात नाहीत. त्याखाली तेरा वर्षांची एक मुलगीही झाकली जाते. आणि ती अजून जिवंत आहे, टेबलाशी बसून बिरडे सोलते आहे. शिवाय हाही विचार करण्यासारखा आहे की, ज्या तोराने शेमची स्तुती केली, तिने नोहाची ती गोष्ट लिहून ठेवलीच. आव्राहाम, इसहाक, याकोब यांच्या देवाचे नाव आपण प्रत्येक तफिल्लात घेतो, आणि याकोबाने एका मुलावर अधिक माया करून घरात काय ओढवून घेतले तेही दरवर्षी मोठ्याने वाचतो. त्याने याकोबाचा मान कमी झालेला नाही.

तिसरे कारण, कद्दीश. आई-बापांसाठी कद्दीश अकरा महिने म्हणतात, बारा नाही. याचे कारण आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल. दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो असे मिश्नात आहे. मुलाने पुरे बारा महिने कद्दीश म्हटले तर आपला बाप दुष्टांपैकी होता असे त्याने कबूल केल्यासारखे होईल. म्हणून एक महिना सोडायचा. भाऊ म्हणाला, "मी लोदच्या सिनेगॉगमध्ये अकरा महिने उभा राहिलो. तो एक महिना मी बाबांना दिला. आता इतक्या वर्षांनी तो परत घ्यायचा का?"

याला उत्तर देण्याआधी आम्ही एक गोष्ट शोधली. मृताची स्तुती किती करावी याविषयी आपल्या शास्त्राने काय सांगितले आहे? त्सफातचे रब्बी योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या शुल्हान आरुखमध्ये याचा स्पष्ट नियम आहे. मृताची यथायोग्य स्तुती करणे हे मोठे कर्तव्य आहे, पण ती बेसुमार करू नये. जे गुण त्याच्यात होते ते सांगावेत, त्यांत किंचित भर घालावी, पण फार वाढवू नये. आणि जो गुण नव्हताच तो सांगू नये. या नियमाचे आम्हांला फार कौतुक वाटते. माणूस गेल्यावर घरच्यांच्या तोंडून थोडे अधिक बोलले जाते, हे आपल्या रब्बींना माहीत होते आणि त्याला त्यांनी मुभा दिली. पण त्या मुभेला कुंपणही घातले.

मग आम्ही स्वतःला विचारले की, आम्ही बाबांच्या स्तुतीत जी भर घालीत आलो ती किती आणि कोणाच्या पैशाने? बाबा गावाचे अर्ज लिहीत, हे खरे. फुकट लिहीत, हेही खरे. पण रोज संध्याकाळी ते ओटीवर तीन तास निवांत बसू शकत, कारण आत चूल, आजारी आई आणि आम्ही तिघे, हे सर्व तेरा वर्षांच्या मुलीकडे होते. गावाने बाबांना जो मान दिला त्यातला काही भाग ताईने कमावलेला होता. कोणाचेही उपकार न घेणारा माणूस म्हणून आम्ही त्यांना गौरवले. प्रत्यक्षात त्यांनी एक उपकार घेतला होता, आणि तो इतका मोठा होता की तो उपकार आहे हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

येथे परिचारिकेच्या कामातले थोडे सांगावेसे वाटते. पाळी संपताना आम्ही परिचारिका पुढच्या पाळीला रोग्याची माहिती देतो आणि तक्त्यावर लिहितो. तेथे रोगी किती चांगला माणूस आहे हे कोणी लिहीत नाही, आणि त्याने कोणाला शिव्या दिल्या म्हणून कोणी सूडही घेत नाही. काय झाले, केव्हा झाले, काय दिले, एवढेच. पण जे लिहायचे राहते त्याचा त्रास मागून येणाऱ्याला होतो, आणि सर्वांत अधिक रोग्याला होतो. आणखी एक गोष्ट आम्ही इतक्या वर्षांत पाहिली. म्हाताऱ्या बापाच्या खाटेपाशी सर्वांत मोठ्याने स्तुती करतो तो बहुधा दुरून आलेला मुलगा असतो. जी मुलगी वर्षभर त्याला न्हाऊ-खाऊ घालते ती गप्प असते. ती गप्प आहे याचा अर्थ तिचे प्रेम कमी आहे असा नाही. तिला सगळे माहीत असते, म्हणून ती गप्प असते. आम्ही दुसऱ्यांच्या घरचे हे शंभरदा पाहिले. आपल्या घरचे दिसायला बारा वर्षांचा मुलगा यावा लागला.

शोफतीमच्या पुस्तकात इफ्ताहची गोष्ट आहे. तो शूर होता, त्याने इस्राएलला वाचवले, तो न्यायाधीश झाला. पण त्याने विचार न करता नवस बोलला आणि त्याची किंमत त्याच्या एकुलत्या एका मुलीने दिली. पुस्तकात इफ्ताहचे नाव आहे, मुलीचे नाव नाही. पण त्याच पुस्तकात असेही आहे की, इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस त्या मुलीच्या आठवणीसाठी जात. इफ्ताहचा विजय कोणी नाकारला नाही. पण त्या चार दिवसांवाचून त्याची गोष्ट पुरी झाली असती असेही कोणी मानले नाही. १९६२ च्या त्या हुकुमाच्या वेळी बाबांनी रागारागाने आमच्या घराण्याची नावे कागदावर मांडली होती. बापाच्या बाजूची सहा पिढ्यांची नावे निघाली. आईच्या आजीचे नाव मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हते. परक्याने आपल्या आज्यांवर संशय घेतला तेव्हा आपण योग्य तेच केले, उठून उभे राहिलो. पण त्या आज्यांची नावे विसरलो होतो ते आपणच.

एवढा विचार करून आम्ही ताईकडे गेलो. वास्तविक तिलाच आधी विचारायला हवे होते. वहीत काय लिहावे, तूच सांग, असे म्हटले. आम्हांला वाटले होते की ती म्हणेल, जाऊ द्या, झाले गेले. आमच्या ताईने जन्मभर तसेच म्हटले होते.

ताई म्हणाली, "बाबांना नावे ठेवायला मी सांगत नाही. बाबा चांगलेच होते. पण तुम्ही ते काढून टाकले तर त्या घरात मी कुठे होते? दोन वर्षे मी काय करत होते, ते कोणी विचारले तर काय सांगाल?"

आम्हांला जे महिनाभर बोलून सापडले नव्हते ते तिने दोन वाक्यांत सांगितले. वडिलांची चूक वगळली की ती चूक जिने सोसली तीच वगळली जाते. अन्याय लपवला की तो कोणावर झाला तेही लपते. वडिलांचा मान राखा ही आज्ञा आपल्याला आहे. पण त्यांच्याच मुलीला घराच्या गोष्टीतून काढून टाकून तो राखावा, असे त्या आज्ञेत कोठेही नाही. आणि आम्ही तिघे ज्या शिक्षणावर उभे राहिलो, ज्या पगारावर येथे घरे घेतली, त्याचा उगम त्या अर्जात आहे. आम्ही गप्प बसलो तर ते बाबांसाठी नसून आमच्याच सोयीसाठी असेल, हे आम्हांला त्या दिवशी कबूल करावे लागले.

भावाच्या कद्दीशचे उत्तरही त्यातच मिळाले. तो सोडलेला महिना बाबांचाच राहू द्या. बाप दुष्ट नव्हता असे म्हणण्यासाठी तो आहे, आणि बाबा दुष्ट नव्हते. बाप चुकलाच नाही असे म्हणण्यासाठी तो महिना नाही.

आता एकच गोष्ट सांगायची राहिली. १९८४ साली ताईच्या थोरल्या मुलाच्या बर मित्सवासाठी बाबा येथे आले होते. तीन महिने राहिले, ते एकदाच. सिद्दूरमधले हिब्रू त्यांना लहानपणापासून येत होते, पण येथले बोललेले कळेना, कागद वाचता येईना. ज्यांच्या ओटीवर गाव बसायचे ते विजेचे बिल हातात घेऊन बसायचे आणि उलटसुलट करून खाली ठेवायचे. राहण्याची मुदत वाढवायची होती, त्यासाठी गृहखात्याचा फॉर्म भरायचा होता. ताई उल्पानमध्ये हिब्रू शिकली होती, तेही कारखान्यातले काम आणि लहान मुले सांभाळून. ती टेबलाशी बसली, एकेक प्रश्न वाचून बाबांना मराठीत सांगे, ते उत्तर देत, ती लिही. बाबा शेजारी बसून तिच्या हाताकडे बघत होते. फॉर्म पुरा झाला तसा त्यांनी तो उचलला, वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि म्हणाले, "अक्षर चांगले आहे."

भाऊ म्हणतो, ती बाबांची क्षमायाचना होती. त्यांच्यासारख्या माणसाला याहून अधिक बोलता आले नसते. मधली म्हणते, ते नुसते अक्षराविषयी बोलत होते, अक्षराविषयी ते नेहमीच बोलत. आम्ही ताईला विचारले. ती म्हणाली, "काय होते ते मला माहीत नाही. ते एवढेच म्हणाले. एवढेच लिहा."

शुल्हान आरुखने किंचित भर घालण्याची मुभा दिली आहे. ती घालायची की नाही हे आम्ही ताईवर सोडले. तिने घातली नाही.

मुलाच्या वहीत शेवटी असे गेले की, त्याचे पणजोबा अलिबागला पोस्टात होते आणि गावाचे अर्ज फुकट लिहून देत. पणजी आजारी पडली तेव्हा त्यांनी मोठ्या मुलीला सातवीनंतर शाळेतून काढले आणि पुन्हा घातले नाही. तिने आईची सेवा केली आणि तीन धाकट्या भावंडांना वाढवले, ती त्याची सव्ता. आणि सव्ताचे तिच्या बाबांवर प्रेम आहे. हे शेवटचे वाक्य मुलाने ताईला विचारून लिहिले.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा जमलो. बाबांच्या गोष्टी सांगितल्या, कंदील सांगितला, कोळणी सांगितल्या, आणि ताईचा अर्जही सांगितला. बाबा त्याने लहान झाले नाहीत. आधी ते आम्हांला फोटोतल्यासारखे दिसत. आता ते चालताबोलता माणूस म्हणून दिसतात, आणि त्यांच्यामागे आत चुलीपाशी बसलेली ताईही दिसते.

असो. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असे बाबा आणि आजोबा होऊन गेले असतील. पेणला, रेवदंड्याला, पनवेलला, ठाण्याला, मुंबईला. आपण त्यांच्या हशकाबा करतो, त्यांची स्तुती करतो, आणि ती करावीच. पण पुढच्या वेळी स्तुती करताना टेबलाशी कोण गप्प बसले आहे, तेवढे पाहावे. त्यांना विचारायला आपल्याकडे आता फार वर्षे उरलेली नाहीत. आपण याविषयी काय विचार केला, किंवा आपल्या घरी हा प्रश्न कसा सुटला, हे वाचकांनी या पानांवर कळवले तर आम्ही आभारी होऊ.